पूड आंबट होईना

अनसूया गायधनींना त्या पुडीचा इतका संताप आला होता, की एके दिवशी प्रयोगशाळेत त्या तिच्याशी चक्क भांडल्या. "अगं बये, तुला झालंय तरी काय?"

पूड झिर्कोनियाची, म्हणजे एका धातूच्या ऑक्साइडची, पांढरीशुभ्र. तिच्यात थोडं गंधकाम्ल जिरवायचं, वाळवायचं आणि भट्टीत तापवायचं. मग तिच्या पृष्ठभागावर आम्लपणा चढतो आणि ती उत्प्रेरक म्हणून जोमाने काम करते. साऱ्या जगात चढतो हो! पारखायला पिवळ्या सूचकाचा एक थेंब पुरतो. आम्लपणा असला की तो लाल होतो. बाईंचा थेंब मात्र ढिम्म पिवळा. गंधकाम्ल वाढवून पाहिलं, पूड बदलली, बाटल्या बदलल्या. छे! उलट दर खेपेला आणखीच बिघडायचं.

कॉलेजात शिकवून, घर सांभाळून पीएचडी करायची म्हणजे आधीच नाकी नऊ. त्यात पुण्याच्या मार्गदर्शक सरांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, मार्चपर्यंत निकाल दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द.

कॉलेजची भट्टी बंद पडलेली. म्हणून बाई ओली पूड चिनी मातीच्या मुशीत घालून गंगापूर रोडच्या घरी आणायच्या, रात्रभर देवघरात वाळत ठेवायच्या आणि सकाळी अंबडच्या एका कारखान्यातल्या भट्टीत द्यायच्या. देवघरच का? तर तिथे सोवळं. सासरे चिंतामणशास्त्री सोडले तर कुणाचा हात लागायचा नाही.

आणि नेमका शास्त्रीबुवांचाच हात लागत होता!

एका सकाळी बाई लवकर आवरून देवघरात आल्या, तर मामंजी मुशीचं झाकण उघडून तिच्यात होमाची पांढरी, वस्त्रगाळ राख सोडताहेत. तोंडाने स्तोत्र चालू.

"मामंजी! हे काय करताय?"

"अंगारा गं. परीक्षेला निघालेल्या पोराला नाही का लावत? तुला यश येईना, म्हणून दर वेळी चिमूट वाढवत नेली."

बाईंनी मूस ओढून घेतली. लाकडाची राख म्हणजे आम्लारी. आम्लपणा त्यांनी चढवायचा आणि राखेने तो गिळून टाकायचा! "किती घालता?"

"श्रद्धेला माप असतं होय?"

"माझी चार वर्षं मातीत घातलीत तुम्ही!" बाई कडाडल्या. शास्त्रीबुवांच्या तोंडचं पाणीच पळालं. ते जेवायलाही उठले नाहीत. बाईंना त्याचंही वाईट वाटलं नाही, इतक्या त्या पेटल्या होत्या. कपाटात कुलूपबंद ठेवून नवी पूड वाळवली, तापवली. थेंब लालभडक झाला. पण एका लाल थेंबावर कुठे प्रबंध होतो? सगळे नमुने पहिल्यापासून करायचे, आणि मार्च तर दाराशी येऊन उभा. आता नोंदणी जाणार, हे त्यांनी मनाशी धरूनच टाकलं.

मग एक दिवस मामंजी पहाटेच बाहेर पडले. रामकुंडावर पूजेला कुणी यजमान असतील, असं घरच्यांना वाटलं. संध्याकाळी पुण्याहून सरांचा फोन आला.

"तुमचे सासरे आले होते. दोष माझा आहे, पोरीला शिक्षा नको, म्हणून माझ्या खोलीत ठाण मांडून बसले. सहा महिन्यांची मुदतवाढ मिळवून देतो मी. आणि हो, ती राखही आता मोजून घाला. आम्लपणा कसकसा उतरतो, त्याचं एक प्रकरण होईल."

बाई फोन ठेवतात न ठेवतात तोच शास्त्रीबुवा धापा टाकत जिना चढून आले. दिवसभर एसटीत आंबलेले, धोतराचा सोगा मळलेला.

"एवढ्या लांब गेलात, ते मला न विचारता?" बाई त्यांच्यावर तुटून पडल्या.

"विचारलं असतं, तर जाऊ दिलं असतंस?"

"मुळीच नाही!" अनसूयाबाई ओरडल्या, आणि तोंडाला पदर लावून तिथेच रडायला लागल्या.