जांभळावरचा भाडेकरू

समस्त वाचकांनी पदर-टोप्या सावरून बसावं... निवेदन अत्यंत गंभीर आहे! भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला आजवर चहासुद्धा न विचारणारी मी, कारध्याच्या आमच्या घरी, भरदुपारी, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पाहुण्यापुढे थरथरत उभी राहिले. हसून घ्या. मीही हसायचे.

आमच्या परसात जांभूळ होतं. ऐन श्रावणात, सगळं हिरवंगार असताना, हे झाड बघता बघता वाळलं. कीड नाही, वीज पडली नाही. पानं गळून नुसता सांगाडा उरला — आणि तोही झुकलेला नेमका त्या खोलीच्या कवेलूंच्या छपरावर, जिथे बाळंतपणाला आलेली माझी लेक रूपाली तान्ह्या मुलीला घेऊन निजायची. वारा सुटला की माझा जीव खालीवर.

जावई वायरमन. म्हणाले, "झाड पाडाले दुसरा माणूस कायले बोलावता, आई? मी त रोजच खांबावर चढून राहिलो."

शेजारच्या म्हाताऱ्या सखूमायनं बजावलं, "आधी झाडाले हळद-तांदूळ वाहा लागते, जावईबापू. वर कोणी राहत असन त त्याले सांगा लागते."

तिचा मान म्हणून संध्याकाळी त्यांनी बुंध्याशी तांदूळ ठेवले, आणि कनेक्शन कापायला आल्यासारखे गरजले, "वर जो कोणी असेल त्यानं सकाळपर्यंत जागा खाली करावी!" मी तर टाळ्या वाजवल्या!

सकाळी झाड पाडलं. एक कवेलू फुटलं नाही. आणि तेव्हापासून बाळानं दूध घेतलं नाही. रूपालीनं जवळ घेतलं की तोंड फिरवायचं... रडणं नाही, काही नाही, नुसतं आढ्याकडे टक लावून बघायचं. दुपार झाली तशी रूपालीच रडायला लागली. भंडाऱ्याला दवाखान्यात न्यायला ऑटो बोलावला.

बाळाला दुपट्यात गुंडाळताना मला आवाज आला. सळसळ... भरगच्च पानांची, वाऱ्यातली. मी पंखा बंद केला. सळसळ सुरूच — खोलीच्या आत, आढ्याला लागून! दोरीवरचं लुगडं हलत नव्हतं. आणि चुरगळलेल्या जांभळाच्या पाल्याचा तो तुरट वास...

"आई, तुले पण ऐकू येते का?" रूपालीनं विचारलं. मी मान डोलावली.

सखूमाय दारात आली, वर बघितलं आणि थेट जावयांकडे वळली. "कोणत्या झाडावर जा म्हटलं होतं जी तुमी?"

"झाड? मी त फक्त खाली कर म्हटलं."

"वा जी! भाडेकरूले बाहेर काढलं अन् दुसरं घर नाही दाखवलं? मंग तो जवळच्या घरात नाही घुसन त काय करन? सांगा आता. ज्यानं काढलं त्यानंच सांगा लागते."

जावई माझ्याकडे बघू लागले. बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. रूपाली ओरडली, "सांगा ना! लेकीपेक्षा लाज मोठी झाली काय?"

ते आढ्याखाली उभे राहिले. "नदीकाठी... मोठं जांभूळ आहे. तिथं जावं."

सळसळ थांबली. मग कवेलूंवरून, अंगणावरून सरकत रस्त्याकडे निघाली. आणि मागे खोलीत बाळ चुटूचुटू दूध प्यायला लागलं.

तरी दवाखान्यात नेलंच. डॉक्टर म्हणाले, बाळ ठणठणीत आहे. झाड का वाळलं, आत काय सळसळलं, मला आजही सांगता येत नाही. कोणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा — आता चहा नक्की देईन.

पण त्या क्षणी जावयांचं तोंड बघायला हवं होतं! आवाज रस्त्यावरच्या खांबापाशी पोचला आणि जावई अंगणात धावले, दोन्ही हात वर करून ओरडले, "सावकाश जा जी... वर लाइन चालू आहे!"