दारांचा पूल आणि पेपरवाले मामा

आमचे पेपरवाले मामा बनियनवरही बिल्ला लावत. पुठ्ठ्याचा, टाचणीने अडकवलेला, वर ‘पत्रकार व्यवस्था’ असं लिहिलेलं. ज्या कामासाठी तो केला ते काम एका दिवसात उरकलं. बिल्ला मरेपर्यंत राहिला.

मामा माझ्या सासूचे भाऊ. बाभुळगावहून येणारा शिळा पेपर गावात ते एकटेच घेत आणि पारावर मोठ्याने वाचत. “पेपरात आलं म्हनजे खरं,” हे त्यांचं ठरलेलं बोलणं. अडत्याने कापसाचा भाव वेगळा सांगितला, तर अडत्या खोटा. घरातलं मीठ संपलं, हे पेपरात येत नसल्यामुळे त्यांना कधी कळलं नाही.

तेव्हा दिल्लीत देशोदेशीच्या सरकारांची शेतीवर मोठी परिषद भरली होती. तिथले पाहुणे खेडी पाहायला निघाले आणि आमचं गाव त्यांच्या वाटेवर आलं. सोबत पत्रकारही येणार होते. पेपरांची नावं तोंडपाठ असलेला माणूस म्हणून बीडीओ साहेबांनी त्यांची व्यवस्था मामांवर सोपवली. मामांनी पुठ्ठे कापून बिल्ले केले आणि पाहुण्यांसाठी घातलेल्या मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले. बिल्ला नाही म्हणून खुद्द बीडीओ साहेबांनाच त्यांनी अडवलं. साहेब चिडले, तुम्हाला नेमलं कोणी म्हणाले.

“तुमीच नेमलं, म्हनून तर सांगून राह्यलो साहेब. तुमालेच सोडलं तर बाकीचे कायले थांबतीन?”

पण मामांच्या मनात वेगळंच होतं. मांडव होता सडकेवर, नाल्यापलीकडे. गाव अलीकडे आणि मधे पूल नाही. मागच्या पावसाळ्यात माझी जाऊ बाळंतपणात अडली, तेव्हा पूर ओसरेपर्यंत बैलगाडी काठावर उभी राहिली. जाऊ वाचली, मूल नाही वाचलं. अर्जांनी कोणी हललं नव्हतं. पत्रकारांना मांडवातून हलू देऊ नका, असा साहेबांचा हुकूम होता. मामांनी मान डोलावली आणि त्यांना नाल्यावर न्यायचं ठरवलं. पूल नसल्याचा फोटो पेपरात आला की पूल झालाच.

आदल्या दिवशी ते नाला पाहून आले आणि तोंड पाडून बसले. पाणी गुडघाभर होतं. पाहुणे भिजतील. लगेच त्यांनी पाण्यात बैलगाड्या उभ्या करवल्या आणि वर टाकायला घराघरांची दारं उतरवायला लावली. माझंही दार गेलं.

मी म्हटलं, “मामाजी, उतरू द्या न त्यायले पान्यात. भिजल्याबिगर कसं समजन?”

“पावना दारात अन् त्याचे पाय चिखलात? घरच्या मानसाचं चालते, सूनबाई. पावन्याचं नाही चालत.”

पत्रकार कोरड्या बुटांनी आले. मामा त्यांना सांगत होते की इथे पूल नाही. ते पुलावर उभे राहून ऐकत होते.

पेपर आला. फोटो छान निघाला होता. खाली लिहिलं होतं, गावकऱ्यांनी श्रमदानातून बांधलेला पूल. मामा पारावर वाचता वाचता थांबले. त्यांना मधेच थांबलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. पुढे कचेरीत पुलाचा अर्ज घेऊन गेले, तर कारकुनाने तोच फोटो त्यांच्यापुढे धरला.

“मंग खोटं आहे म्हनाव नाही काय?” मी विचारलं.

“पेपरात आलं न, सूनबाई,” एवढंच म्हणाले. बिल्ला तेव्हाही छातीवर होताच.

माझं दार परत आलं ते वाकडं होऊन. नंतर कधी नीट लागलं नाही. कुत्री भाकरी न्यायची आणि मी मामांच्या नावाने बोटं मोडायची.

मामा गेले भर श्रावणात. मसणवट नाल्यापलीकडे, पाणी कमरेला. तिरडी काठावर थांबली. सासूने बिल्ला त्यांच्या छातीवर तसाच राहू दिला होता. कोणीतरी विचारलं, दारं उतरवायची का?

“कायले?” मी म्हटलं. “घरचाच मानूस आहे.”

खांदेकरी पाण्यात उतरले.