नारळांच्या पोत्यातली पाल

माझा मोठा भाऊ अंदमानात सरकारी नोकरीला होता. एका एप्रिलात तो रजेवर सोलापूरला आला आणि त्यानं आणलेल्या नारळांच्या पोत्यातून एक पाल निघाली. बोटाएवढी, पोपटी हिरवी, पाठीवर तांबडे ठिपके. बोटीचे चार दिवस आणि मद्रासहून रेल्वेचा प्रवास तिनं त्या पोत्यातच काढला होता.

आई केरसुणी घेऊन धावली. "हिरवी हाय म्हंजे इखारी असनार. मारा आधी."

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते, प्राणिशास्त्र घेऊन. म्हटलं, "पाल विषारी नसते, आई. दादा जाताना परत नेईल तिला. तोवर मी सांभाळते."

"आन् घरात पोटुशी बाई हाय, तिला काय झालं तर?"

वहिनीला सातवा महिना होता.

गोळ्यांच्या काचेच्या बरणीत मी केळीचं पान ठेवलं, तोंडाला मलमलचं फडकं बांधलं. दादा म्हणाला, तिकडं या पाली दिवसाउजेडी नारळीवर हिंडतात, किडे खातात, फुलांतला रसही चाटतात. म्हणून मी जिवंत माश्या सोडायची, पिकलं केळं कुस्करून द्यायची. वाटीतल्या पाण्याला ती तोंड लावेना. पानावर थेंब शिंपडले तरच चाटायची, आणि आमच्याकडच्या उन्हात ते थेंब बघता बघता वाळायचे. परीक्षेला बसले तरी माझा जीव त्या बरणीत असायचा.

सहाव्या दिवशी पेपर देऊन आले, तर फडकं सुटलेलं आणि बरणी रिकामी.

आईनं दूध मोरीत ओतलं होतं, पिठाचा डबा अंगणात काढला होता. वहिनी दारात बसली होती, पाय सुजलेले, ओठ कोरडे.

"सकाळपास्नं पानी पिऊ दिलं न्हाय तिला," आई म्हणाली. "तुझ्या त्या पालीपायी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कपाटामागं, फळीवर, कुठंच ती नव्हती. मग सुचलं, तिला ओल लागणार. माठाच्या तिवईखाली वाकून पाहिलं. पाझरलेलं पाणी चाटत ती उलटी चिकटून होती. पापण्या नसलेला डोळा तिनं जिभेनं पुसला. आईनं केरसुणी उगारली, मी हात मधे घातला. फटका माझ्या मनगटावर बसला. पाल मुठीत आली, शेपूट मात्र फरशीवर वळवळत राहिलं.

वहिनी दारातूनच म्हणाली, "सापडली न्हवं? मग त्याच माठातलं पाणी द्या मला."

आई हलेना. शेवटी मीच तांब्या भरून दिला. वहिनी घटाघटा प्यायली. दिवस मावळेपर्यंत आई तिच्या तोंडाकडं बघत बसली होती, आणि मी आईच्या.

दादानं पाल परत नेली. महिन्याभरानं त्याचं पत्र आलं, की तिला क्वार्टरमागच्या नारळीवर सोडलं, शेपटाचा नवा कोंब फुटलाय, पण तपकिरी.

पुढं वहिनीला मुलगी झाली. आईनं तिला हातात घेतलं, आधी पालथी करून तिची पाठ नीट पाहिली, आणि मगच छातीशी धरलं.