डबीवरचा फेर

पालघरात माझं छपाईचं छोटं दुकान आहे. बॅनर, लग्नपत्रिका, येईल ते काम. सफाळ्याकडच्या काही बायकांनी लग्नातली गाणी रेकॉर्ड केली होती. ती पेनड्राइव्हवर भरून विकायची होती आणि त्याची पुठ्ठ्याची डबी मी करायची होती.

एकमेकींच्या कमरेला हात घालून नाचतानाचा फोटो त्यांनी दिला. मी ठरवलं, ही रांग डबीच्या चारही बाजूंनी फिरवायची, म्हणजे डबी चिकटवली की शेवटची पहिलीला भेटेल आणि फेर पुरा होईल. स्वतःवर काय खूश झाले होते मी!

पण रांगेत मधेच भगदाड. जिच्या आवाजावर सगळी गाणी उभी, ती मावशी वीटभट्टीवर कामाला गेलेली. बायकांनी तिची जागा मोकळी ठेवूनच फोटो काढलेला. मी शहाणीने दोन्ही बाजू सरकवून जोडून टाकल्या.

"तिला काढलीस?" नमुना बघताच बायकांतली एक कडाडली. "मंग आमाला डबीच नको. ती हो म्हणल, तवाच छापायची."

घ्या! मग भट्टीवरून मोबाइलवर फोटो आला. मावशी भर उन्हात एकटीच हात पसरून उभी. ऊन कमी केलं, लुगड्याचा रंग जुळवला, तिला रांगेत बसवलं. बोटं मात्र ऐकेनात. धरायला कुणी नव्हतं, ती वळणार कशी? मी माउस आपटला. शेवटी नवऱ्याला उभं केलं, त्याच्या कमरेला घट्ट हात घातला आणि दुसऱ्या हाताने फोटो काढला. तो बिचारा लाजून चूर. माझाच हात सावळा करून, त्यावर बांगड्या चढवून मावशीला लावला. दुसरीकडे तोच उलटा करून.

शिमग्याला मावशी घरी आली, तशी बायका तिला घेऊन दुकानात हजर. तिने नमुन्याची डबी फिरवून फिरवून पाहिली.

"ह्यो हात माजा नाय."

"माझा आहे, मावशी. तुमची बोटं जुळत नव्हती हो. नको असेल तर काढते."

तिने माझा हात ओढून डबीशेजारी धरला. बोटाला बोट ताडून पाहिलं.

"धरलाय मात्र घट. छाप सगळ्या. आन् रातच्याला गावात ये, फेर हाय."

"मला कुठे नाचता येतं?"

"धरता येते ना? मंग झाला."