चेण्याच्या तलावाला भरती आली तेव्हा

भूतबीत मी मानत नाही. एवढं डोकंच नाही मला… घाबरायला पण थोडी अक्कल लागते ना. चौथीत दोनदा बसलो आणि शाळा सोडली, आता भाईंदरला रिक्षा चालवतो. हे पण मी बोलतोय आणि माझी पुतणी टाईप करतेय. शुद्धलेखन तिचं, येडेपणा माझा.

आम्ही भाईंदरजवळच्या तारोडीचे कोळी. बाबांनी जन्मभर समुद्रात, खाडीत जाळी लावली. आणि मी… होडी हलली की मला उलटी. बाबांनी तीनदा नेलं, तिन्ही वेळा मी आडवा. चौथ्यांदा त्यांनी हाकच मारली नाही. गावात अजून लोक मला बघून हसतात, आणि बरोबरच आहे.

मागच्या वर्षी बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं थोडं राहिलं. मग हळूहळू त्यांनी जेवणच सोडलं. ताट नेलं की खिडकीबाहेर बघायचे आणि म्हणायचे, "थांब. अजून न्हाय." बस. तीन आठवडे दोन-चार चमचे पेज, ती पण जबरदस्तीने. अंगावर नुसती कातडी राहिली. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी टाकावी लागेल.

रविवारी मी म्हटलं, बाबांना हॉटेलात नेऊ.

मनीषा, माझी बायको, म्हणाली, "घरची पेज जात नाही, हॉटेलातलं काय जाणार?"

"दुसऱ्याला खाताना बघून भूक लागते गं. मला लागते."

"तुम्हाला भिंत बघून पण लागते."

तरी गेलो. वरसाव्यावरून चेण्याला. तिथे तलावाकाठी एक फॅमिली रेस्टॉरंट आहे — पत्र्याखाली किचन, गवतावर प्लास्टिकच्या खुर्च्या, स्पीकरवर गाणी. दुपारचे दोन-अडीच झाले असतील. बाबांना उचलून अगदी पाण्याच्या काठच्या टेबलावर बसवलं. मेनू कार्ड इंग्लिशमध्ये. मी नेहमीसारखं विचार केल्यागत तोंड करून एका ओळीवर बोट ठेवलं. मश्रूम आलं. मनीषाने कपाळाला हात लावला आणि वेटरला सांगितलं, "भैया, दाल-चावल लाओ, एकदम नरम."

भात आला. कालवून ताट पुढे केलं. "बाबा, जेवा ना."

"थांब. अजून न्हाय."

मनीषा उठली, हात धुवायला म्हणून गेली. रडायला गेली ते मला माहीत होतं.

आणि मग… कसं सांगू. गाणी बंद नाही झाली, पण लांब गेली, जशी कोणी बाजूच्या गावात लावलीयेत. ऊन पिवळं आणि घट्ट झालं. टेबलाखाली मी चप्पल काढून ठेवली होती, ती हळूच येऊन पायाला लागली. वाकून बघतो तर तरंगतेय. पाणी. कोमट, गढूळ, आमच्या खाडीचा वास असलेलं. आधी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. शेजारच्या टेबलावर लोक नूडल्स खातायत, बूट कोरडे. वेटर त्या पाण्यातून चालत गेला आणि पाणी हललं पण नाही… खुर्चीच्या पायाशी एक निवटी उडी मारून बसली. खाडीच्या चिखलातला मासा तो, डोळे वर आलेला. तलावात नसतो, एवढं मला पण कळतं.

मी घाबरायला पाहिजे होतं. पण इतकं बरं वाटत होतं, जसं दुपारच्या झोपेत कोणी येऊन पंखा लावून जातं.

बाबांनी चांगला पाय पुढे करून पाण्याची ओढ बघितली. "लागली भरती. आन ताट."

आणि जेवायला लागले. डाव्या हाताने, स्वतः.

मी म्हटलं, "बाबा, इतके दिवस का नाही जेवलात?"

"जाल्यात पानी शिरलं की जेवायचं. त्याआधी न्हाय. होडीवर सगल्यांना ठावं हाय." मग माझ्याकडे बघितलं. "तुला कसं कलनार. तू ओकत व्हतास."

तीन आठवडे आम्ही त्यांच्या तोंडात चमचा कोंबत होतो, आणि ते बिचारे भरतीची वाट बघत होते.

सगळा भात संपवला. मग डावा हात पाण्यात घातला आणि म्हणाले, "धर." मी पण हात घातले. जाळ्याचा दोर होता. ओला, खरखरीत, आणि जड… आम्ही ओढायला लागलो — एक हात त्यांचा, दोन माझे.

मनीषा आली तेव्हा खाली कोरडं गवत. ती म्हणते, लांबून तिला आम्ही दोघं हवा ओढताना दिसलो, बापामागे मुलगा पण कामातून गेला असं वाटलं. पाणीबिणी काही नाही. मग तिने रिकामं ताट बघितलं. घरी माझी पँट धुवायला घेतली तर गुडघ्याखाली मिठाची पांढरी रेघ.

नळी लागली नाही. आता पुतणी मोबाईलवर भरतीची वेळ बघते, तेव्हाच बाबांना वाढतो. वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. मनीषा म्हणते, मी सासऱ्याला नाही, चंद्राला जेवायला वाढतेय.

शिकलेल्या लोकांना विचारलं. एक म्हणाला, खाडीचं पाणी झिरपत असेल. अरे, खाडी आणि तलावाच्या मध्ये अख्खा घोडबंदर रोड आहे, आणि झिरपलं तर शेजारच्यांचे बूट कोरडे कसे? दुसरा म्हणाला, तुला ऊन लागलं असेल. असेल. त्यानंतर चार-पाच वेळा तिथे गेलो, त्याच टेबलावर बसलो. तलाव आपला तलावासारखा.

जाळ्यात काय होतं ते पण माहीत नाही. त्या दिवशी दोर अर्धा वर आला होता, मी वाकून बघणार, तेवढ्यात बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"बस झालं," म्हणाले. "आता तू जेव."