कोणत्या कानात?

माझ्या आतेभावाइतका परक्या माणसांच्या कानातला मळ जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल, आणि त्यातला एकही कान त्याने डोळ्यांनी पाहिलेला नाही. तो मेडिकल कोडिंग करतो. म्हणजे अमेरिकेतले डॉक्टर जे लिहितात ते नांदेडच्या घरात बसून वाचतो आणि प्रत्येक आजाराला, उपचाराला ठरलेला कोड देतो; तिथल्या विमा कंपन्या त्या कोडावर पैसे देतात. दादाच्या वाट्याला कान-नाक-घसा आलंय, आणि त्यातही मळच फार. नुसता मळ वेगळा, घट्ट बसलेला वेगळा. उजवा कान, डावा की दोन्ही. पिचकारीने काढला की हत्याराने, हे सगळं डॉक्टरने लिहिलेलं हवं. लिहिलं नसेल तर दादाच्या लेखी ते झालेलंच नाही. एकदा वरिष्ठांचा फोन आला, "हत्याराने काढला असंच टाका हो, पैसे जास्त येतात." मी असतो तर संध्याकाळपर्यंत स्वतःच्या प्रामाणिकपणाचं पत्रक छापून वाटलं असतं. दादा म्हणाला, "डॉक्टरांना विचारा. त्यांनी लिहिलं की टाकतो," आणि पुढचा कान उघडला.

ही सवय त्याने घरातही आणली. अहमदपूरच्या एका लग्नात नवरदेवाचा काका "डोकं दुखतंय" म्हणाला, तर दादाने "कोणती बाजू? कधीपासून?" करत त्याला भरल्या पंगतीतून उठवलं. वहिनी चिडून म्हणाली, "तुम्हाला माझं कधी ऐकूच येत नाही." दादाने विचारलं, "कधीच, की अधूनमधून?" त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

एका बाबतीत मात्र त्याचं काही चालत नव्हतं. आत्या, म्हणजे त्याची आई, हिमायतनगरला एकटी राहते. तिने नांदेडला यावं म्हणून त्याने मागची खोली रंगवली, पलंग आणला, खिडकीत तुळस ठेवली. आत्याचं उत्तर ठरलेलं, "त्या डब्यात बसून काय करू रे मी?" यंदा मात्र तिला ऐकू येईनासं झालं. कुकरच्या शिट्ट्या कळेनात, दारावरची थाप कळेना. ती घाबरली आणि आपणहून पेटी घेऊन आली. "वय झालं," सगळे म्हणाले. दादाला जे हवं होतं ते घरात येऊन बसलं होतं.

पण त्याला स्वस्थता नाही. "वय झालं असं कुण्या डॉक्टरनं लिहिलंय का?" तो मला म्हणाला.

"आली ना आत्या? मग राहू दे की."

"अन् तिला ऐकू येत न्हाई, त्याचं काय?"

तो तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला, मीही सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कानांत मळाचा दगड झालाय. काही दिवस थेंब घालून मळ मऊ केला, मग हत्याराने काढला. कागदावर त्यांनी लिहिलं, 'कान साफ केले.' दादा हललाच नाही. "डॉक्टरसाहेब, घट्ट होता असं लिहा. कोणत्या कानात, कशानं काढला, तेबी."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. तुमच्यासारख्यांनी लिहिलेलं वाचतो."

डॉक्टर हसले आणि सगळं लिहिलं. खाली हेही लिहिलं की आता ऐकू चांगलं येतं.

"एवढं वरडून काय बोलून राहिलास त्यांच्याशी?" आत्या खुर्चीतून म्हणाली.

घरी आल्यावर तिने शेजारचा टीव्ही ऐकला, रस्त्यावरचे भोंगे ऐकले. "लई गलका हाय रे तुझ्या नांदेडात," म्हणाली आणि पेटी भरायला बसली. मी दादाला बाजूला घेतलं. "सांग ना, पुन्हा मळ धरतो, इथंच राहून देखरेख ठेवावी लागते. ती काय डॉक्टरला विचारायला जाणार आहे?"

दादा म्हणाला, "डॉक्टर तसं म्हणाले न्हाईत."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला एसटीत बसवलं. आत्या खिडकीशी बसली, पदर नीट केला. ड्रायव्हरने गाडी चालू केली. त्या घरघराटात, मला शेजारी उभं राहूनही जेमतेम कळेल अशा आवाजात दादा म्हणाला, "राहिली असतीस तर बरं झालं असतं."

"ऐकलं रे," आत्या म्हणाली. खिडकीतून हात काढून तिने त्याच्या गालाला लावला, आणि गाडी निघाली.