मावशीचा डावा हात

जगात वस्तूंचे दोनच प्रकार असतात, उडवून झालेल्या आणि उडवायच्या राहिलेल्या, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिलाय, तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आमचे मावसोबा. लहानपणी आमखास मैदानावर आलेल्या सर्कशीत मावसोबांनी एकाला एकाच वेळी चार-पाच चेंडू हवेत उडवून झेलताना पाहिलं आणि घरी येऊन पहिला प्रयोग कांद्यांवर केला. पुढं वाळूजच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढला, पण चेंडू कधी विकत आणला नाही. "चेंडू कुणीबी झेलतंय. पडला तरी त्याचं काय जातंय?" असं ते गंभीरपणे विचारत. हिमरूच्या चिंध्यांत ज्वारी भरून शिवलेले गोळे, करवंट्या, चाळणी-लाटणं-पळी अशी विजोड त्रिकुटं, सगळं त्यांनी हवेत फिरवलं. दौलताबादची सीताफळं फार पिकली होती हे कळलं ते माझ्या साखरपुड्यात, होणाऱ्या सासऱ्यांच्या पांढऱ्या टोपीवर. हे चालू असताना चेहरा मात्र दहाव्याला बसल्यासारखा. मावशी वैतागायची. "घरात एक भांडं बिनपोच्याचं ऱ्हायलं नाय," हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून सांगायची.

मग मावशीला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिचा डावा हात गेला. भाकरी थापणारी बाई ती. हातच उठेना म्हटल्यावर भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागली, बोलेनाशी झाली. दवाखान्यातून दाबायला दिलेला रबरी चेंडू तिनं पलंगाखाली ढकलला. मावसोबांनी पुष्कळ विचार केला. हाताला वेळ मिळेल अशी सावकाश पडणारी वस्तू हवी होती. घरातली सगळी कापडं उडवून पाहिल्यावर एकच पसंत पडलं, आणि त्यांनी मावशीची ठेवणीतली नायलॉनची साडी कात्रीनं कापून तिचे रुमाल केले! मावशीनं ते पाहिलं आणि कित्येक दिवसांनी तिचा आवाज घुमला. "आवं, चांगली साडी व्हती ती माझी! येड लागलं का तुमाला?" असं म्हणत तिनं उजव्या हातानं एक रुमाल त्यांच्या तोंडावर फेकला. तो त्यांनी झेलला आणि परत टाकला. तिनंही तो रागारागात झेलला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं पलंगावर शेजारी शेजारी बसतात. तिचा उजवा हात आणि त्यांचा डावा मिळून एक खेळ होतो, आणि मध्ये तिचा निकामी हात त्यांच्या उजव्या हातात असतो. काय उडवायचं ते आता मावशी ठरवते. "चाळणी नगं, लई लांब पळती. गाळणी घ्या." काही पडलं की माझ्याकडं बघून म्हणते, "माझा डावा हात लग्नापासूनच आडमुठाय." मावसोबा खाली मान घालून वस्तू उचलतात. तो हात सुधारेल अशी आशा डॉक्टरांनी दिली नव्हती, आणि मावसोबाही ते विचारायचे थांबले होते.

गेल्या रविवारी मी पेरू घेऊन गेलो, तेव्हा दोघांचा खेळ चालूच होता. म्हटलं, "मावसोबा, पाच वस्तूंचा तो जुना खेळ दाखवा की एकदा." त्याला दोन्ही हात लागतात. ते मावशीला म्हणाले, "सोडतो गं जरा," आणि आपला उजवा हात काढू लागले. हात निघेना. मावशी मला पेरू गुलमंडीवरून आणले की गावाकडून, हे विचारत होती. तिचं लक्षच नव्हतं. तिच्या डाव्या हाताची बोटं मात्र त्यांच्या हाताभोवती वळली होती, अगदी थोडी. मावसोबांनी त्या बोटांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मान हलवून गप्प राहायला सांगितलं.

"आज ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "हात मोकळा नाय."

मग आम्ही पेरू कापून, तिखट-मीठ लावून खाल्ले. मावसोबांनी डाव्या हातानं खाल्ला, आणि त्याबद्दल मावशी त्यांना बराच वेळ रागावत होती.